स्पीकर भंगारात देऊ नका

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत. करार झाला, बिल्डरचं भाडं सुरू झालं, की तीस-चाळीस वर्षांचा संसार उचलून वन रूम किचनमध्ये बसवायचा. या बसवाबसवीत दिवाण जातो, शोकेस जाते, आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर सगळ्यात वर दोन लाकडी पेट्या दिसतात. जाळी फाटलेली, मागे लाल-काळी वायर लोंबणारी. घरातला डेक. वडिलांनी बोनसच्या पैशांतून घेतलेला, दिवाळीच्या पहाटे ज्यावर नाट्यगीतं लागायची तो. भंगारवाला तो किलोवर घेतो. तांबं कुठे आहे, लोहचुंबक कुठे आहे, हे त्याला पाठ असतं. देणाऱ्याला मात्र आपण काय देतोय याचा पत्ता नसतो. थोड्या नोटा हातात पडल्या की तो खूश, आणि त्याच आठवड्यात आठ-दहा हजारांचा साउंडबार मागवून मोकळा.

हा व्यवहार मूर्खपणाचा आहे. यासाठी सभ्य शब्द शोधत बसायची माझी तयारी नाही.

जुन्या स्टीरिओत खरा ऐवज असतो तो पेटीसकट स्पीकरचा आणि ट्रान्सफॉर्मरचा. लाकडी पेटीतला आठ इंची वूफर आज नव्याने घ्यायला गेलात तर स्वस्त मालात तो सापडणार नाही. स्वस्त मालात पेटी प्लास्टिकची आणि स्पीकर तळहाताएवढा. उलट जुन्या सेटमध्ये जे बिघडतं ते बहुतेक वेळा किरकोळ असतं: सुकलेला कंडेन्सर, सैल पडलेला पट्टा, मळलेला व्हॉल्यूम कंट्रोल, टोकाशी काळवंडलेली वायर. सुट्टा भाग काही रुपयांचा किंवा फार तर काही शे रुपयांचा. खर्च असतो तो बिघाड शोधणाऱ्याच्या डोक्याचा आणि हाताचा. तोच द्यायला आपण नाखूश असतो.

निम्मा शोध घरच्या घरी लागतो. एका बाजूचा आवाज गेलाय? सेट बंद करा, मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा, पुन्हा लावा. आता दुसरा स्पीकर मुका झाला तर दोष ॲम्प्लिफायरचा. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरचा. मग घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा आणि स्पीकरच्या सोडवलेल्या वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ‘टक्’ आवाज आला, कोन हलला, तर कॉइल जिवंत आहे. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी अगदी हलका, सरळ आत दाबून पाहा. घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल जळून फुगली आहे किंवा जागेवरून सरकली आहे. एवढं करून दुकानात गेलात तर मेकॅनिक तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

मुंबईच्या हवेत आणखी एक गोष्ट घडते. खारा दमटपणा स्पीकरच्या वायरीची उघडी टोकं खातो, तांबं काळं पडतं, आवाज तुटक येतो. टोकं कापायची, आवरण सोलून नवं तांबं उघडं करायचं, पिळून घट्ट बसवायचं. या एका कामाने कित्येक ‘बिघडलेले’ सेट बोलायला लागतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर सेट बंद करून कंट्रोलच्या आत मारायचा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवायचं. बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे मात्र तिथे नको, त्याने धूळ चिकटते.

सगळ्यात मोठा गैरसमज स्पीकरच्या कडेचा. कोनाभोवती जी मऊ रिंग असते ती सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या बऱ्याच स्पीकरमध्ये फोमची असे. हा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने दहा-वीस वर्षांत विरतो. हात लावला की भुगा. लोक म्हणतात, ‘स्पीकर फाटला,’ आणि टाकून देतात. स्पीकर फाटलेला नसतो. कोन धड असतो, कॉइल धड असते, चुंबक तर आयुष्यभराचा. गेलेली असते फक्त रिंग, आणि ती मापाने मिळते. जुना फोम खरवडून काढायचा, नवी रिंग चिकटवायची, कॉइल मध्यभागी राहील याची काळजी घ्यायची, बस. मुंबईत हे काम करणारे कारागीर आहेत. गणपती-नवरात्रात मंडळांच्या आणि बँडवाल्यांच्या स्पीकरच्या कॉइल जळतात, त्या भरून देणारी, रीकोनिंग करणारी हीच माणसं. सणांच्या दिवसांत त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. आणि एक अट आधीच घाला: मूळ कोन तसाच ठेवायचा, फक्त रिंग बदलायची. मंडळाच्या स्पीकरना लागतो तो जाड, जड कागदी कोन घरच्या स्पीकरला बसवला की आवाज कायमचा बिघडतो. रबराची किंवा कापडाची रिंग असेल तर तुम्ही नशीबवान, ती बहुधा अजून चांगली असेल.

आता ‘हूं’ असा सतत येणारा आवाज, ज्याला मेकॅनिक हमिंग म्हणतात. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरमध्ये ती एकदिश होते तेव्हा तिच्यात १०० हर्ट्झची लाट उरते, आणि ती सपाट करायचं काम पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर करतात. त्यांच्या आतलं द्रावण वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सुकलं की लाट तशीच स्पीकरपर्यंत जाते. उपाय एकच, कंडेन्सर बदलणे. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि तापमानाचा आकडा ८५ नव्हे, १०५ अंशांचा मागा. उष्णता दहा अंशांनी कमी झाली की अशा कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा हिशेब इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळे धरतात. त्यामुळे दोन रुपये जास्त मोजायचे. आणि बंद शोकेसच्या कप्प्यात, वर फ्लॉवरपॉट आणि मागे भिंत, असा सेट कोंडून ठेवायचा नाही.

कंडेन्सर बदलण्याचं काम घरी करू नका. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर भार धरून असतात, आणि आत २३० व्होल्ट येतात. चांगल्या मेकॅनिकची खूण सांगतो: दुरुस्त केलेला सेट तो थेट बोर्डाला लावत नाही, आधी सिरीज बल्ब लावतो. जुना ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला की सगळं ठीक. ज्याच्या टेबलावर असा बल्ब आहे त्याच्याकडे सेट सोपवा. ज्याने उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळला, त्याच्याकडून तो परत आणा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विसंबून राहण्यात फारसा अर्थ नाही, कारण बऱ्याच कंपन्याच राहिलेल्या नाहीत. आयवा २००२ साली सोनीत विलीन झाली आणि २००६ साली सोनीने ते नाव बंद केलं. सान्यो २००९ साली पॅनासोनिककडे गेली. फिलिप्सने ऑडिओचा धंदा २०१४ साली गिटार बनवणाऱ्या गिब्सनला दिला, गिब्सनने २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. पायोनियरचा घरगुती ऑडिओ २०१५ साली ओन्क्योकडे गेला आणि ओन्क्यो २०२२ साली बुडाली. आपल्या औरंगाबादची व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरी न्यायाधिकरणात पोचली. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलं पाऊल आहे, पण जी कंपनीच उरलेली नाही तिचे सुटे भाग कुठलं पोर्टल देणार? आजच्या वस्तूंसाठी तरी दहा-पंधरा वर्षं सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा देणं कंपन्यांवर बंधनकारक व्हायला हवं. आवाहनं आणि पोर्टलं एवढ्यावर हा प्रश्न सुटणार नाही.

म्हणून शेवटी लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तुम्ही लॅमिंग्टन रोडच विचारणार. उपनगरांतले रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे किती तरी गाळे मोबाइलचे झाले. अंधेरी-घाटकोपरला जे उरलेत तेही सुट्या भागांसाठी इथेच येतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा. जुना भाग काढून सोबत न्या, नुसता नंबर तोंडाने सांगू नका. विशेषतः एसटीके आयसी. नव्वदच्या दशकातल्या कित्येक म्युझिक सिस्टिममध्ये सान्योची ही जाड आयसी आउटपुटला असे. सान्योचा सेमीकंडक्टरचा धंदा २०११ साली ऑन सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीकडे गेला, जुने नंबर दुर्मिळ झाले, आणि बाजारात नकली एसटीके आल्या. वरचा नंबर हुबेहूब, आतला माल भलताच. ती बसवली की काही तासांत उडते आणि जाताना कधी स्पीकरची कॉइलही घेऊन जाते. ‘ओरिजिनल आहे साहेब’ या शब्दावर जाऊ नका. जुन्या उघडलेल्या सेटमधून काढलेली, चालू स्थितीतली आयसी मिळाली तर तीच घ्या.

या बाबतीत आपले देशी जुने ॲम्प्लिफायर सरस. आयातीवर निर्बंध होते त्या काळात कॉस्मिक, सोनोडाइन यांनी सुट्या ट्रान्झिस्टरांवर सेट बांधले. २एन३०५५ हा त्या काळी सर्रास वापरला जाणारा आउटपुट ट्रान्झिस्टर आजही दुकानात मागितला की मिळतो. आत हात घालायला जागा, मोठे बोर्ड, ठळक सुटे भाग. असा सेट कुणाच्या माळ्यावर असेल तर तो भंगारात देण्याआधी दहा वेळा विचार करा. तो दुरुस्त होण्यासाठीच बांधलेला आहे. नातेवाइकांनी अमेरिकेतून किंवा जपानहून आणलेल्या सेटचं मात्र वेगळं. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००. मागे व्होल्टेज बदलायचं बटण नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो कधीही लावू नका. नव्या घरात हलवताना तो ट्रान्सफॉर्मर वेगळ्या खोक्यात जातो, कुणीतरी सेट सरळ भिंतीला लावतो आणि धूर निघतो.

कॅसेट डेकबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मोटर फिरते पण टेप चालत नाही, किंवा गाणं रडत-ओढत येतं, याचं कारण बहुतेक वेळा रबरी पट्टा. तो सैल होतो किंवा वितळून काळा चिकटा होतो. पट्टा स्वस्त आहे, बसवणं तासाभराचं काम. हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की आवाज उघडतो. हा खटाटोप कशासाठी, असं मुलं विचारतील. यासाठी, की घरात ज्या कॅसेटी आहेत त्यांतल्या सगळ्या इंटरनेटवर नाहीत. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या मैफलींच्या कॅसेटी, कुठल्याशा भजनी मंडळाने स्वखर्चाने काढलेली कॅसेट, आणि मुख्य म्हणजे टू-इन-वनचं लाल बटण दाबून घरीच भरलेले आवाज. आजीची ओवी, मुलाचं पहिलं बोबडं भाषण, मुंजीतला गोंधळ. ते कुठल्याच ॲपवर कधी येणार नाही. पावसाळ्यात टेपवर बुरशी चढते आणि एक दिवस ती चालवायच्या लायकीची उरत नाही. डेक दुरुस्त करा, त्याचं लाइन-आउट संगणकाला जोडा, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि सगळं उतरवून ठेवा. बजेट अगदीच तोकडं असेल तर पहिला रुपया पट्ट्यावर खर्च करा, बाकीचं नंतर.

सीडीच्या बाबतीत मी उलटा सल्ला देईन. लेन्स गेली असेल तर तिच्या मागे लागू नका. जुना डीव्हीडी प्लेअर घरात कुठेतरी असतोच, तो सीडीही वाजवतो. त्याचं ऑडिओ-आउट ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये घाला, प्रश्न मिटला. ऑक्सलाच काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की मोबाइलवरची गाणी त्याच जुन्या स्पीकरवर येतात, आणि मुलंसुद्धा सेट वापरायला लागतात. गोराईतल्या केंद्रावरून होणारे विविध भारतीचे कार्यक्रमही ॲपवर ऐकता येतात, म्हणजे ट्यूनर गेला असला तरी अडत नाही.

समजा ॲम्प्लिफायर खरंच संपला. ट्रान्सफॉर्मर जळाला, बोर्ड कोळसा झाला. तेव्हाही स्पीकर टाकायचे नाहीत. क्लास-डीचा लहानसा स्टीरिओ ॲम्प्लिफायर अडॅप्टरसकट दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो आणि पुस्तकाएवढ्या जागेत राहतो. स्पीकरच्या मागे ओहमचा आकडा पाहा. ८ असेल तर निश्चिंत, ६ किंवा ४ असेल तर नवा ॲम्प्लिफायर तेवढ्यावर चालतो का हे विचारूनच घ्या. चोर बाजारात जुना ॲम्प्लिफायर घ्यायचा असेल तर स्वतःचा मोबाइल आणि ऑक्स केबल घेऊन जा, दोन्ही बाजू वाजवून घ्या, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हमिंग ऐका. वाजवून न दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, भाव कितीही पडलेला असो.

वॉटच्या आकड्यांना भुलणं आता तरी थांबवू या. नव्वदच्या दशकात खोक्यांवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. या मापाची सर्वमान्य व्याख्याच नाही, ते ग्राहकाला फसवण्यासाठी काढलेलं माप होतं. पाहायचं ते आरएमएस. आणि तेही किती लागतं? ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. वॉट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात. रहिवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. अंधेरीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला चिकटलेली आहे, वीस वॉट पुरून उरतात. जास्तीचे पैसे चांगल्या स्पीकरसाठी ठेवा.

साउंडबारवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे: यात स्टीरिओ कुठे आहे? ॲलन ब्लुमलिन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मुळात दोन कानांना दोन ठिकाणांहून आवाज मिळावा म्हणून. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला की तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला आणि गायक मध्ये बसलेला ऐकू येतो. टीव्हीच्या खालच्या एका पट्टीतून संवाद स्पष्ट येतात, हे मान्य. गाणं तसं उलगडत नाही. शिवाय त्यातला बोर्ड गेला की बहुतेक वेळा सगळी पट्टीच बदलायला सांगतात, आणि वॉरंटी वर्षाची.

मग मजुरीचा विषय. मेकॅनिक दोन तास वाकून, खापरासारखा गरम सोल्डरिंग आयर्न हातात धरून, तीस वर्षांचा सेट जिवंत करतो आणि पाचशे रुपये मागतो. तेव्हा आपण म्हणतो, ‘दादा, पार्ट तर वीस रुपयांचा आहे.’ हेच आपण मोबाइलच्या दुकानात म्हणत नाही, डॉक्टरला म्हणत नाही, बिल्डरला तर म्हणूच शकत नाही. वीस रुपयांचा भाग कुठला, हे ओळखण्याचे पैसे असतात. ते नाकारून नाकारूनच उपनगरांतल्या या माणसांनी दुकानं मोबाइल कव्हर विकणाऱ्यांना दिली. पुढच्या पिढीने हा धंदा घेतला नाही, कारण आपण त्यांना जगू दिलं नाही. ‘पूर्वीसारखे मेकॅनिक राहिले नाहीत’ अशी तक्रार करायचा अधिकार घासाघीस करणाऱ्याला नाही.

आणि टाकायचंच असेल, खरोखर काहीच वाचत नसेल, तरी हातगाडीवर नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत ऑडिओ ॲम्प्लिफायरही आहे. तो नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की तो धूर आपल्याच वस्तीत येतो.

तुमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर घर हलवण्याआधीच्या एका रविवारी माळ्यावरचे स्पीकर खाली काढा. जाळी उघडा, रिंग पाहा, वायरीची टोकं सोला, वाजवून बघा. वाजले तर नव्या घरात सोबत न्या. नाही वाजले तर जवळच्या मेकॅनिककडे द्या आणि तो मागेल ती मजुरी त्याला द्या.